पेटी कुनी चालू केली

पहिलंच सांगते, माज्यासमोर ऋषिकेशचं नाव काडू नका. आमच्या वरच्या मजल्यावर पाच नंबरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हातो, कंदी कुनाला वर मान करून बोलत न्हाई, दारात चपला नीट लावतो, सगळं खरं. पन त्याचं नाव निगालं की माजं डोस्कं सनकतं. त्याच्यापेक्षा जास्त सनकतं आमच्या मालकांवर, म्हंजी माज्या नवऱ्यावर. आन् खरं सांगू का, सगळ्यांत जास्त माज्यावरच.

गोष्ट माज्या सुनेची हाय. सायली तिचं नाव, माहेर भरे गावचं. चार वरसं झाली तिला मारुंजीत येऊन. लग्नाआदी तिनं पिरंगुटला घराचं नकाशं काडायचा कोर्स केल्याला. लग्नात म्या साऱ्या पावन्यांना सांगत फिरले, सून शिकल्याली हाय, कॉम्प्युटरवर घरं काडती. मंग घरात आनली आन् भांड्याला लावली. आसं असतंय आमचं. शिकल्याली सून पायजे, पन शिकल्यालं तिनं माहेरी ठेवून यावं.

तिनं न्हाई ठेवलं. हिंजवडीच्या कुटल्या कंपनीनं कॉम्प्युटरच्या जुन्या पेट्या इकायला काडल्या, त्यातली एक तिनं घेतली. त्या पेटीत लिनक्स म्हनून काय असतंय त्ये घातलं. हितं दुकानात सगळीकडं विंडोज. मी इचारलं, "बाकीच्यांचं सोडून तू येगळंच का?" म्हनली, "आई, हे फुकट आहे, आणि बिघडलं तर का बिघडलं ते आपल्याला उघडून बघता येतं." रोज दुपारी भांडी झाली की वरच्या मागल्या खोलीत जाऊन बसायची. निसती रेघांची घरं न्हाई हां. भिंतीवर ऊन कुटून येतंय, झाडाची सावली कुटं पडती, सगळं फोटोसारखं. म्या एकदा बगितलं तर मला वाटलं खरंच कुटली बिल्डिंग हाय.

पन एक चित्र व्हायला तिच्या पेटीला अख्खा दिवस लागायचा. त्यासाठी ग्राफिक कार्ड लागतं म्हनं, चित्राचं सगळं जड काम त्ये करतं. यंदाच्या भाऊबीजेला तिच्या भावानं ओवाळनीत साडी न्हाई घातली, त्ये कार्ड घातलं. त्याच आठवड्यात महाळुंग्याच्या एका ऑफिसनं तिला परीक्षा दिली. बिल्डरांच्या बिल्डिंगा बांदायच्या आदी त्येंची चित्रं काडून देनारं ऑफिस. सात चित्रं, शुक्करवारी संध्याकाळी पाचच्या आत. जमलं तर नोकरी. न्हाई जमलं तर भांडी हायेतच.

रविवारी रातच्याला तिनं कार्ड पेटीत बसवलं. मला म्हनली, "आता ड्रायव्हर टाकायचा." म्या इचारलं, "कोन ड्रायव्हर? त्याच्या जेवनाचं काय?" लई हसली. म्हनली, "माणूस नाही हो आई. नुसतं कार्ड बसवून चालत नाही. कार्डाचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं करून देणारा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात." म्हंजी दुभाष्या. मला कळलं, तर बाकीच्यांना कळायला काय धाड भरली हुती?

सोमवारी सकाळी तिनं त्यो ड्रायव्हर घातला. पेटीनं तिला एक पासवर्ड ठरवायला लावला, तिनं आमच्या म्हशीचं नाव दिलं. मंग पेटी बंद करून परत चालू व्हायला सोडली आन् नेमकी म्या खालनं हाक मारली. गॅसवाला आल्याला. टाकी काय मला उचलत न्हवती का? उचलत हुती. पन सून घरात असताना सासूनं टाकी उचलली तर चारचौघांत बरं दिसत न्हाई. म्हनून हाक मारली. ती आली पळत.

तेवड्यात आमचे मालक, कोंडाजी, पान्याची टाकी बगायला वर गेले. खोलीचं दार उगडं. पेटीचा पडदा निळा फक झाल्याला. आता ह्येंची एक खोड सांगते. आमची शेती हुती तवा हिरीवरची मोटर एकदा घुरघुरली, ह्ये बगत बसले आन् मोटर जळाली. त्याला पंचवीस वरसं झाली. तवापासनं घरातलं कुटलंबी यंत्र जरा येगळं वागलं की ह्ये पळत जाऊन लाईटीचा मेन पाडतात. मिक्सर जोरात फिरला, पाड मेन. टीव्हीवर मुंग्या आल्या, पाड मेन. बारा खोल्यांचं भाडेकरू बोंबलतात, त्येंचं काय न्हाई. तर ह्ये "जळतंय जळतंय" करत जिन्याखाली आले आन् मेन पाडला.

सायली जिन्यातच ह्येंना समजावत हुती, की आण्णा, काय जळत नव्हतं. मी कुटं वास येतोय का बगायला वर गेले. ह्येंनी मेन वर केला, लाईट आली. लाईट आली की पेटी आपली आपन चालू व्हती, तशी तिनं करून ठेवल्याली. माज्या डोळ्यांसमोर परत निळं आलं, जरा येळ ऱ्हायलं आन् गेलं. मंग नेहमीसारखी पेटी चालू झाली. म्या म्हनलं झालं, बरं झालं.

पन कार्ड काय चालंना. सायली बसल्याली तशीच. पेटी म्हनायची कार्ड हाय, पन वापरायला तयार न्हाई. मंगळवारभर तिनं वही घेऊन काय काय केलं त्ये लिवून काडलं. हे केलं, हे झालं. ते केलं, ते न्हाई झालं. जेवायला बी उठली न्हाई. मी दोनदा ताट वर नेलं आन् दोनदा ऐकवलं, "कशाला जिवाला लावून घेती?" आता आठवलं की माजी जीभ झडंना का वाटतं.

मंगळवारी संध्याकाळी मालक म्हनले, "त्या पाच नंबरवाल्याला बोलवा की. कंपनीत हाय त्यो."

ही आमच्या गावाची रीत हाय बगा. मारुंजीत पिढ्यान् पिढ्या गुरं ऱ्हायली, आता आयटीवालं ऱ्हातात. आन् ज्याच्या गळ्यात कंपनीचं कार्ड त्यो घरचा वैद्य. मालकाचा मोबाईल अडकला, बोलवा भाडेकरूला. टीव्हीला रिमोट लागंना, बोलवा. सातबारा ऑनलाईन काडायचाय, बोलवा. त्ये बिचारं खोली सोडायला लागंल म्हनून न्हाई म्हनत न्हाई, आन् आपल्याला येत न्हाई आसंबी म्हनत न्हाई. सायली म्हनली, "आण्णा, मी शोधतेय, मला दोन दिवस द्या." मालक म्हनले, "तू घरी बसून शोधतीस, त्यो रोजचं त्येच काम करतोय."

आन् म्या काय केलं? म्याबी म्हनलं, "आईक बाई, त्यो इंजिनिअर हाय." साहिल, माजा ल्योक, टेम्पो लावून नुकता आल्याला, त्यो म्हनला, "आण्णा म्हनतील तसं." त्याचं आयुष्यभर त्येवडंच एक वाक्य.

ऋषिकेश आला. चहा घेतला. पेटीसमोर बसला. सायलीनं वही म्होरं केली, तर त्यानं ती बाजूला सारली. उगडून बगितलीबी न्हाई! मला आत्ताबी आठवलं की हाताची मूठ वळती. फोनवर बगून बगून त्यानं कायतरी लिवलं. ती म्हनली, "अहो, एक ड्रायव्हर आधीच टाकलेला आहे, त्याच्यावर दुसरा टाकू नका." त्यो म्हनला, "डोन्ट वरी वहिनी, लेटेस्ट व्हर्जन घेतोय वेबसाईटवरून." अर्ध्या तासानं पेटी चालू केली तर पडदा काळा ठिक्कर. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत हुती, बास. कार्ड न्हवतं चालत त्ये न्हवतंच चालत, आता चित्रबी दिसंना.

आन् ह्यो शहाना म्हनतो काय, "वहिनी, कार्डच फॉल्टी आहे. आणि हे लिनक्स असंच असतं. सगळं फॉरमॅट मारून विंडोज टाकू या का?" नाचता येईना आन् अंगन वाकडं! पेटीत तिचं चार वरसांचं काम, त्ये सगळं पुसलं गेलं असतं. मालक मान हालवत हुते, व्हय व्हय, टाका. तवा मातर सायली उठली आन् पेटी आन् त्याच्या मधी जाऊन हुबी ऱ्हायली. म्हनली, "हात लावायचा नाही." एवडंच. आवाज वाडवला न्हाई. त्यो गेला. मालक माज्यावर डाफरले, "सुनेला बोलायची रीत शिकव. पावन्यासमोर आसं बोलतात?" भाडेकरू पावना, आन् सून कोन वो?

बुधवार त्या काळ्या पडद्यासमोर गेला. तितं निसती अक्षरं टाकून काम करता येतं म्हनं, तसं तिनं केलं. त्याचा ड्रायव्हर उपटून काडला, तिचाबी काडला, परत पाटी कोरी केली, तवा कुटं पडदा नीट दिसाया लागला. बेस्तरवारी संध्याकाळी ती सैपाकघरात माज्याजवळ येऊन बसली. डोळं सुजल्यालं. पेटी आपली नोंदवही ठेवती आतल्या आत, काय झालं काय न्हाई त्याची. ती नोंद तिनं वाचून काडल्याली. म्हनली, "आई, नोंदीत लिहिलंय की ड्रायव्हरला मंजुरी नाही, म्हणून कॉम्प्युटरनं त्याला आत घेतलं नाही. मंजुरी कधी मागितली, तेच मला कळत नाही. सोमवारी आण्णांनी मेन पाडला, मग लाईट आली तेव्हा तुम्ही वर होतात ना? स्क्रीनवर नक्की काय होतं?"

म्या म्हनलं, "निळं."

"नुसतं निळं?"

"न्हाई. पांढरी इंग्रजी अक्षरं हुती. आन् खाली आकडं पळत हुतं. धा, नऊ, आठ. मंग गेलं सगळं." माजी शाळा तिसरीपतूर झाल्याली, पन बारा खोल्यांच्या मीटरचं रीडिंग मीच घेते, इंग्रजी आकडं मला पाठ हायेत.

ती माज्याकडं बगतच ऱ्हायली. "उलटे मोजत होतं? आई, तीच मंजुरी! दहा सेकंदांत कुणी बटण दाबून पासवर्ड दिला नाही, तर ते निघून जातं. परत विचारत नाही. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

म्या म्हनलं, "मला इचारलं कुनी?" म्हनलं खरं, पन माजं मला कळलं की ह्ये उत्तर खोटं हाय. इचारलं न्हाई कुनी, पन म्याबी सांगाया गेले न्हाई. मी चार दिवस ह्येंच्या बाजूला हुबी हुते. सून चुकती, पुरुष म्हनतात त्ये बराबर, आसं धरूनच चालले हुते. पिकतं तितं इकत न्हाई म्हनतात, त्ये काय दुसऱ्याच्या घराचं न्हाई, माज्याच घराचं.

शुक्करवारी सकाळी तिनं परत नवा ड्रायव्हर घातला. पेटी परत चालू करायच्या आदी वरून वरडली, "आई, निळं येणार आहे!" मी ओल्या हातानं पळाले आन् जिन्याखाली मेनम्होरं जाऊन हुबी ऱ्हायले. आन् बगा, मालक आलेच. त्येंना कुनी सांगितलं कुनास ठाऊक.

"बाजूला व्हय. परत निळं येनार म्हनं. बारा खोल्यांची वायरिंग जळंल."

"काय जळत न्हाई. तुमी जावा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला काय कळतंय?" म्या म्हनलं. आयुष्यात पैल्यांदा म्हनलं, आन् मंग थांबलेच न्हाई. "पंचवीस वरसं झाली त्या मोटरीला! तिचं लोखंड भंगारात गेलं, हीर बुजली, तितं आता बिल्डिंग हाय आन् तुमी आजून मेन पाडताय! पोरगी चार दिवस जेवली न्हाई. मेनला हात लावून बगा, आजपासनं भाकरी खानावळीतनं आनायची. कालवनबी तितलंच."

मालकांचा हात वरच ऱ्हायला. एक भाडेकरीन जिन्यात थांबून बगत हुती. बगू दे म्हनलं. मंग वरून सायली वरडली, "आई, झालं! घेतलं त्यानं!" आन् पेटीचा पंखा गरगर फिरल्याला खाली ऐकू आला. मी वर गेले तर पडद्यावर तिची बिल्डिंग एकेक चौकोनानं भरत चालल्याली. जिथं दिवस लागायचा तितं अर्धा तास. तिनं पाच वाजायला धा मिन्टं असताना सातवं चित्र धाडलं आन् तितंच खुर्चीत झोपली. म्या भांडी घासली.

हितं गोष्ट संपली असती तर मी तुमाला सांगायला बसले नसते.

शनवारी सकाळी ओट्यावर मालक, श्येजारचा गेणबा आन् ऋषिकेश चहाला बसल्यालं. सुट्टी हुती त्याला. सायली चहाचा ट्रे घेऊन हुबी. मालकांचा फोन वाजला. आमच्या घरातल्या सगळ्या फॉर्मवर मालकांचाच नंबर असतो. गॅस असू दे, दवाखाना असू दे, सुनेची नोकरी असू दे. कानानं कमी ऐकू येतं म्हनून फोन कायम स्पीकरवर मोठ्यानं लावतात.

"नमस्कार, मी अपूर्वा, महाळुंगेच्या ऑफिसमधून. सायलींची चित्रं फार सुंदर झाली आहेत. एक विचारायचं होतं. आमच्याकडे चार मशीनमध्ये नवीन कार्ड घातलीत, लिनक्सवर त्यांचा ड्रायव्हर चालतच नाही. त्यांनी मेलमध्ये लिहिलंय की त्यांनी स्वतःचं मशीन स्वतः लावलं. खरंच त्यांनीच केलं का? कारण तसं असेल तर आम्हाला असा माणूस नक्की हवाय."

"न्हाई वो मॅडम," मालक हसून म्हनले. "ती कशाला करती? आमचा भाडेकरू हाय, आयटीत मोठा इंजिनिअर. त्यानं मंगळवारी बसून सगळं करून दिलं. हितंच हाय बगा."

म्या ऋषिकेशकडं बगितलं. आता तरी बोलंल. त्यानं चहाचा घोट घेतला आन् फोनकडं वाकून म्हनला, "काही नाही मॅडम, छोटासा इश्यू होता." आयत्या बिळावर नागोबा म्हनतात त्यो ह्योच!

"अच्छा," त्या बाई म्हनल्या. आवाज जरा पडला त्येंचा. "मग त्यांचाच नंबर मिळेल का?"

"घ्या की," मालक म्हनले आन् नंबर सांगाया लागले. नव्वद, अठ्ठावीस. सायलीच्या हातात ट्रे तसाच. ती बोलनार न्हवती, त्ये मला कळलं. चार वरसं आमीच तिला शिकवलं हुतं ना, चारचौघांत सासऱ्याचं बोलनं खोडायचं न्हाई.

म्या फोन हिसकला. "मॅडम, मी तिची सासू. ह्ये खोटं बोलले. हा पोरगा हात लावून बिगडवून गेला. चालू केलं माज्या सुनेनं, एकटीनं, आन् ह्यो बसलाय त्यो घोट घेत." मंग फोन सायलीम्होरं धरला. "बोल. ट्रे ठेव आन् बोल."

तिनं ट्रे ओट्यावर ठेवला. आन् सांगाया लागली. दोन ड्रायव्हर एकावर एक पडले असतील तर दोन्ही काडा, एकच घाला, आन् परत चालू करताना निळा पडदा आला की समोर हुबं ऱ्हावा, धा सेकंदच मिळतात. बाई तिकडनं काय काय इचारत गेल्या, ही सांगत गेली. शेवटी त्या म्हनल्या, "सोमवारी दहाला या. आधी ती चार मशीनच बघू, मग तुमच्या टेबलाचं ठरवू."

ऋषिकेश खाली मान घालून चपला शोधत हुता. गेणबा उगाच रस्त्याकडं बगत हुता. मला वाटलं, आता तरी ह्ये मानूस सुनेकडं बगंल, एक शबूद बोलंल.

मालकांनी इचार केला. लई इचार केला. मंग म्हनले, "ऋषिकेश, सोमवारी सुट्टी टाक बाबा. हिच्यासंगं महाळुंग्याला जा. चार पेट्या हायेत, चालू कोन करून देनार तितं?"

सायली दारातच हुबी हुती, फोन हातात. तिनं सगळं ऐकलं.

म्या मालकांच्या हातातला कप काडून घेतला, भरल्याला, गरम, आन् मोरीत वतला.